प्रबोध पोचेपर्यंत

घरातलं माणूस गावाला निघालं की ते तिकडे पोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढायचा नाही, हा सरोजिनीबाईंचा नियम पुण्याच्या बिऱ्हाडात होता, तसाच तो सिंगापुरात वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावरही होता. माणूस बाहेर पडल्या पडल्या घर झाडतात ते एकाच प्रसंगी, आणि त्या प्रसंगाचं नावसुद्धा सरोजिनीबाई तोंडाने घेत नसत. पुण्यात हे पाळणं सोपं होतं. कोणी मुंबईला जायचं, कोणी साताऱ्याला. दोन-चार तासांत फोन यायचा आणि केरसुणी हातात घेता यायची. सिंगापुरात मुलाकडे राहायला आल्यावर मात्र त्यांच्या नियमाचा कस लागायला सुरुवात झाली. मुलगा प्रबोध ऑफिसच्या कामासाठी महिन्याआड मुंबईला जायचा, आणि इथून मुंबई काही साताऱ्याइतकी जवळ नव्हती.

किती लांब आहे रे, असं त्यांनी पहिल्याच खेपेला विचारलं होतं. चार हजार किलोमीटरला थोडं कमी, साडेपाच तास, असं प्रबोधने सांगितलं. किलोमीटरशी सरोजिनीबाईंना काही कर्तव्य नव्हतं, पण साडेपाच तास त्यांनी पक्के धरून ठेवले. विमान सकाळी साडेसातला उडायचं, म्हणजे केर दुपारी एकला. दुपारचा कुकर उतरवायचा, प्रबोधचा फोन घ्यायचा आणि मग केरसुणी, असा तो क्रम होता.

प्रबोधला त्यांची गंमत करायची हुक्की यायची. तिकीट दाखवून तो म्हणायचा, हे बघ, साडेसातला निघालं, साडेदहाला पोचलं, तीनच तास लागतात. त्यावर सरोजिनीबाई विचारायच्या, मग येताना आठ तास कसे लागतात, विमानाला चढ लागतो का? शेवटी त्याने हॉलच्या भिंतीवर दोन घड्याळं टांगली. डावं इथलं, उजवं तिकडचं, अडीच तास मागे. आता तरी कळलं का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मला आधीपासून कळतंय, तूच तिकिटावर भाळतोस.

सून क्षिप्रा एका प्रयोगशाळेत संशोधक होती. दिवसभर हातमोजे घालून वावरणाऱ्या त्या बाईला घरात धुळीचा कण खपत नसे. तिने थाळीएवढा गोल रोबो आणला होता. सकाळी दहाला तो आपण होऊन कोपऱ्यातून निघायचा, सोफ्याखाली शिरायचा, खुर्च्यांच्या पायांवर डोकं आपटायचा आणि केर ओढत घरभर हिंडायचा. तेरा वर्षांच्या नातीने, इराने, त्याचं नाव गुंडू ठेवलं होतं. प्रबोध ज्या दिवशी निघायचा त्या दिवशी सरोजिनीबाई गुंडूला उचलून सरळ उताणा करून ठेवायच्या. क्षिप्राने सुरुवातीला नाक मुरडलं. जंतू थांबतात का हो आई, प्रबोध पोचेपर्यंत, असं विचारूनही पाहिलं. मग तिने एक युक्ती काढली. त्या दिवशी ती गुंडूला झोपवून ठेवायची आणि प्रबोध पोचल्याचं कळलं की ऑफिसात बसून फोनवरूनच त्याला कामाला लावायची. सासूबाईंचा नियम मोडला नाही आणि घरही झाडलं गेलं. सरोजिनीबाई त्याच्या मागोमाग आपली केरसुणी फिरवायच्याच, कारण यंत्राला कोपरे दिसत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. ही केरसुणी त्यांनी सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून हट्टाने आणली होती. फक्त दिवेलागणीनंतर ती दाराआडून बाहेर निघत नसे. तोही एक नियमच होता, आणि इराला हे सगळे नियम पाठ होते.

त्या डिसेंबरात शाळांना सुट्टी होती. प्रबोध नेहमीप्रमाणे पहाटे निघाला. निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, त्याने ते चाटून 'येतो' म्हणायचं, ही घरची रीत. प्रबोधने दही हातावर घेतलं, पण खाल्लं नाही. टॅक्सी उभी आहे, लिफ्टमध्ये खातो, असं म्हणून त्याने हाताचा द्रोण तसाच सांभाळला. एका हातात बॅग आणि एका हातात दही अशा अवतारातला त्रेचाळीस वर्षांचा मॅनेजर बघून सरोजिनीबाईंना हसू आलं. मग तो दारातून परत फिरला आणि त्यांच्या पायाशी वाकला. वाकताना त्याने भिंतीला हात टेकला. क्षिप्राही त्याच्याच टॅक्सीने निघाली, लवकरची मीटिंग होती म्हणे. सुट्टीत दहाच्या आत न उठणारी इरा झोपेच्या कपड्यांत बाहेर आली, बापाला घट्ट मिठी मारून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. वाढतं वय, सरोजिनीबाईंना वाटलं.

सकाळ नेहमीसारखी गेली. त्यांनी चहा घेतला, डाळ भिजत घातली, इराला दोनदा हाका मारल्या. भूक नाही, असं बंद दाराआडून उत्तर आलं.

साडेदहाला फोन वाजला. प्रबोधचा मेसेज होता. 'पोचलो आई. मीटिंगला जातोय. रात्री उशीर झाला तर उद्या बोलू.'

सवयीने सरोजिनीबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दाराआडून त्यांनी केरसुणी हातात घेतली आणि ओट्याकडे त्यांची नजर गेली. कुकर रिकामा होता. तांदूळ अजून धुवायचेच होते. प्रबोध पोचतो तेव्हा कुकर उतरलेला असतो. आज डाळ नुसती भिजत पडली होती. त्या हॉलमध्ये येऊन घड्याळांपुढे उभ्या राहिल्या. डाव्यात साडेदहा, उजव्यात आठ. आठ वाजता विमान अजून आकाशात असतं. वारा पाठीशी असला तर ते वीस मिनिटं लवकर येतं, फार तर अर्धा तास. अडीच तास लवकर कुठलंही विमान येत नाही.

त्यांनी प्रबोधला फोन लावला. दोनदा वाजला आणि कोणीतरी कापला.

तेवढ्यात कोपऱ्यात गुंडू जागा झाला. हिरवा दिवा लावून तो ऐटीत निघाला आणि टीव्हीखालच्या केराकडे वळला. सरोजिनीबाईंचं वय बाहत्तर, गुडघे दुखरे, पण त्या ज्या चपळाईने धावल्या ती बघून डॉक्टरही चाट पडला असता. त्यांनी गुंडूला उचलला आणि सोफ्यावर बसून मांडीवर दाबून धरला. त्याचं बटण कुठलं ते भीतीने त्यांना आठवेना. चाकं गरगरत होती, ब्रशमध्ये गाऊनचा दोरा अडकला होता, आणि मला जमिनीवर ठेवा, मला जमिनीवर ठेवा, असं तो इंग्रजीत विनवत होता. त्याला दाबून धरल्या धरल्या त्यांना उमगलं. माझा मुलगा मुंबईला गेलेला नाही. मग तो आहे कुठे?

पहिल्यांदा त्यांना वाटलं, नोकरी गेली असेल. इथल्या मराठी मंडळींत असा एक किस्सा फिरत होता. एक गृहस्थ नोकरी गेल्यावर महिनाभर टाय लावून घरातून निघायचे आणि वाचनालयात बसून राहायचे. नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास रद्द झाला तेव्हा कुठे बायकोला कळलं. हे ऐकून सरोजिनीबाईंनी त्यांना नावं ठेवली होती. आता त्या मनातल्या मनात देवाला विनवू लागल्या की तसंच असू दे. नोकरी गेलेली असू दे, गाशा गुंडाळून पुण्याला जाऊ. एखाद्या बाईचं लफडं असलं तरी चालेल, त्याला मी सरळ करीन. सुनेच्या बाजूने उभी राहीन आणि त्याला घराबाहेर काढीन, पण तेवढंच असू दे.

पण मनाची अशी समजूत फार वेळ टिकत नाही. मागच्या महिन्यात सगळे पुलाउ उबीन बेटावर गेले होते. सायकली भाड्याने घेतल्या, आणि पहिल्याच चढावर प्रबोध उतरून झाडाखाली बसला. साखळी निसटली म्हणाला. साखळी जागेवर होती; ते सरोजिनीबाईंनी तेव्हाही पाहिलं होतं आणि असेल काही म्हणून सोडून दिलं होतं. स्टेशनपुढचा पादचारी पूल चढताना तो हल्ली मध्येच थांबून फोन बघायचा. आणि आज वाकताना भिंतीला टेकलेला तो हात.

गुंडू एकदाचा बंद पडला. त्याला सोफ्यावर उताणा ठेवून सरोजिनीबाई दार उघडून बाहेर गेल्या. लिफ्टकडे जाणाऱ्या व्हरांड्यात शेजाऱ्यांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. शेवटच्या कढीपत्त्याच्या कुंडीत, मातीवर, दही पडलं होतं. मुंग्या लागल्या होत्या.

त्या कुंडीपाशी त्या किती वेळ उभ्या होत्या त्यांचं त्यांना कळलं नाही. सकाळी उपाशी कोण राहतं? डॉक्टरने बजावलेला माणूस राहतो. दीनानाथही असेच उपाशी होते त्या सकाळी. घोटभर पाणी तरी द्या म्हणाले होते, आणि नर्सने मान हलवली होती.

दीनानाथ म्हणजे त्यांचे यजमान. एकोणीस वर्षांपूर्वी पुण्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना चाकांच्या पलंगावरून आत नेलं. सरोजिनीबाई बाहेर लाकडी बाकावर बसल्या. चोवीस वर्षांचा प्रबोध शेजारी होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि काही बोलायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. नंतर भेटायला आलेल्या एकूण एक माणसाला सरोजिनीबाईंनी सांगितलं होतं की ह्यापुढे मला असं बाकावर बसवू नका. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, मग मला सांगा. प्रबोधने ते ऐकलं होतं आणि, आज कळत होतं, शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता.

त्या आत आल्या. इराचं दार त्यांनी वाजवलं नाही, सरळ उघडलं. इरा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"इरा, बाबा कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

इराने कानातली बटणं काढली. घाबरली की शाळेतलं 'लाह' तिच्या तोंडात यायचं. "आजी, प्लीज लाह, मला नको विचारू. आय प्रॉमिस्ड."

मुंबईत आहे, असं म्हणण्याइतकं खोटं त्या पोरीला येत नव्हतं. सरोजिनीबाईंनी छातीवर हात ठेवून, हेच ना, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. इराने मान डोलावली, आणि मग पहाटेपासून दाबून ठेवलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं. तिच्या रडण्यातून जे कळलं ते एवढंच, की आठवड्यापूर्वीच सगळं ठरलं होतं, साडेआठपासून ऑपरेशन चालू आहे, तीन नळ्या बंद होत्या, आणि आजीला कळलं तर तिला पण हार्टचं होईल असं बाबा म्हणाला. सरोजिनीबाईंनी तिला जवळ घेतलं. आठवडाभर हे एवढंसं पोर तोंड मिटून बसलं होतं. ह्या गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला. मला फसवलंत ते फसवलंत, पण लेकराच्या गळ्यात हे ओझं कशाला बांधलंत?

मग त्यांनी क्षिप्राला फोन लावला.

"क्षिप्रा, रोबो मी बंद केलाय."

पलीकडे कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली. "आई, प्रबोधचा मेसेज आला ना तुम्हाला? तो..."

"प्रबोध अजून पोचलेला नाही. मला कुठे यायचं ते सांग."

आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, असं काहीतरी क्षिप्राने सुरू केलं आणि अर्ध्यावर तिचा आवाज फुटला.

"म्हणाले होते गं. माणूस काय वाटेल ते म्हणतं. माझा मुलगा टॅक्सीने अर्ध्या तासावर आहे, आणि तुम्ही त्याला चार हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवलात."

क्षिप्राने हॉस्पिटलचं नाव सांगितलं, कितव्या मजल्यावर ते सांगितलं, आणि लहान मुलांना आत सोडत नाहीत तेवढं इराला समजावा म्हणाली. इराने फोनवर टॅक्सी बोलावली, पण मीही येणार म्हणून दारातच उभी राहिली. तू इथेच थांबायचंस, सरोजिनीबाईंनी तिला सांगितलं. समोरच्या मलाय शेजारणीला त्यांनी हाक मारून पोरीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, भांबावलेल्या हिंदी-इंग्रजीत, आणि त्या बाईने काय समजायचं ते समजून इराच्या खांद्यावर हात ठेवला.

"केर?" इराने विचारलं.

"नाही काढायचा."

"तुझ्यासाठी? तू पण बाहेर चाललीस."

"बाबासाठी. मी सांगेन तेव्हाच."

इरा पळत आत गेली आणि चमचाभर दही घेऊन आली. तिने ते आजीच्या हातावर ठेवलं. सरोजिनीबाईंनी तळहात चाटूनपुसून साफ केला, मुलाच्या वाटचंही आपणच खावं तसं, आणि 'येते' म्हणून त्या लिफ्टकडे गेल्या. कढीपत्त्याच्या कुंडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

हॉस्पिटलात लाकडी बाक नव्हता, निळ्या खुर्च्यांची ओळ होती. तेवढाच काय तो फरक. क्षिप्रा एकटीच बसलेली होती, केस कसेतरी बांधलेले, दोन्ही हातांत दोन फोन. सासूबाईंना बघून ती उठली आणि आता बोलणी खावी लागणार अशा तयारीने उभी राहिली. सरोजिनीबाईंना बोलायचं होतंही. टॅक्सीत त्यांनी चांगली लांबलचक बोलणी तयार केली होती. पण सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि कोपऱ्यातल्या यंत्रातून आणलेला कॉफीचा कप न पिता गार झाला होता. सकाळपासून ही बाई एकटी बसली होती. एकटीने बसणं काय असतं हे सरोजिनीबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून बिस्किटं काढून तिच्या हातात दिली.

बऱ्याच वेळाने क्षिप्राने विचारलं, तुम्हाला कळलं कसं? सरोजिनीबाईंनी सांगितलं. तेव्हा क्षिप्रा कपाळावर हात मारून घेत म्हणाली की मेसेज प्रबोधनेच आदल्या दिवशी लिहून ठेवला होता आणि साडेदहाला पाठव म्हणून बजावलं होतं. तिकिटावरचे साडेदहा त्याच्या डोक्यात बसलेले. ते तिकडचे साडेदहा. आणि तिने इकडचे साडेदहा वाजले तसा पाठवून दिला, वर सवयीने गुंडूही सुरू केला. सात वर्षं दोन घड्याळांवर संसार केला आणि नेमकी आज दोघांची गफलत झाली.

"शाळेपासून असाच आहे तो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "गणिताचं उत्तर बरोबर काढायचा आणि पुढे रुपये लिहायचे तिथे किलो लिहून यायचा."

दोघी हसल्या. हसता हसता क्षिप्राने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग दोघींनाही आवरेना ते हसू की रडू, हे सांगणं कठीण होतं. सरोजिनीबाईंचा राग गेला नव्हता. पण तो घेऊन बसायला आता शेजारी माणूस होतं.

दुपारी सर्जन बाहेर आली. चिनी बाई होती, ठेंगणी, डोक्याला अजून हिरवी टोपी. सरोजिनीबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. एकोणीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं. त्या तिच्या बुटांकडे बघत राहिल्या, आणि क्षिप्रा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. ऑपरेशन झालं. मध्येच रक्तस्राव झाला म्हणून वेळ जास्त लागला. आता तो जागा कधी होतो आणि कसा होतो, हे बघायचं. तोवर काही सांगता येत नाही.

क्षिप्राच्या जिवात थोडा जीव आला. ती नातेवाइकांना मेसेज करायला लागली. सरोजिनीबाईंच्या पिशवीतला फोन अधूनमधून थरथरायचा. इरा विचारायची, आजी? त्या लिहायच्या, अजून नाही. एवढं लिहायलाही त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागायचा.

चार वाजले, पाच वाजले. नर्स दर वेळी बाहेर येऊन तेच सांगायची, अजून झोपेत आहेत. ती जरा जास्तच गोड बोलतेय असं सरोजिनीबाईंना वाटायला लागलं. पुण्यातही शेवटी शेवटी सगळे गोड बोलत होते. सहा वाजता क्षिप्राने विचारणंच बंद केलं. तिने सासूबाईंचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि सरोजिनीबाईंना भीती वाटली, उघड, लख्ख भीती, की ह्याही वेळी त्यांना रिकाम्या हाताने घरी जावं लागणार आणि मग कोणीतरी बाई त्यांच्या आधीच घर झाडून ठेवणार.

सातनंतर त्यांना आत बोलावलं. दोघींनीच यायचं, हात धुऊन. प्रबोधच्या तोंडात नळी होती, गळ्यात नळी होती, छातीवर पांढरी पट्टी. पडद्यावर हिरव्या रेघा धावत होत्या. फिलिपिनो नर्सने वाकून मोठ्याने हाक मारली, मिस्टर प्रबोध, ओपन युअर आइज. तासभर मारतोय हाका, ती म्हणाली. त्याने डोळे उघडले नाहीत. क्षिप्राने हाक मारली. तरी नाही.

सरोजिनीबाईंनी त्याचा उजवा हात हातात घेतला. सकाळी ह्याच तळहातावर त्यांनी दही ठेवलं होतं. हात गार होता. त्यांनी अंगठ्याने तळहात चोळला, लहानपणी तापात चोळायच्या तसा, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"प्रबोध, पोचलास का रे?"

काहीच झालं नाही. यंत्र आपला श्वास देत राहिलं. त्यांनी परत विचारलं, तेच शब्द, जरा रागाने. महिन्याआड इतकी वर्षं हाच एक प्रश्न त्यांनी त्याला विचारला होता, आणि त्याने उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

तिसऱ्यांदा त्याची बोटं हलली. मग ती त्यांच्या अंगठ्याभोवती मिटली. पापण्या जड, चिकटल्यासारख्या, पण उघडल्या. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग आईकडे. ओळख पटली, आणि त्या नळ्यांच्या गर्दीतही त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या पोराचा भाव आला. तो सरोजिनीबाईंना चाळीस वर्षं ओळखीचा होता. त्यांनी हात सोडला नाही.

"मग बोलू त्याचं," त्या म्हणाल्या. "आधी सांग. पोचलास?"

प्रबोधने मान हलवली. जेमतेम, पण हलवली. नर्स क्षिप्राला इंग्रजीत म्हणाली की हे छान झालं, फार छान झालं, आणि ह्या वेळी ते गोड बोलणं सरोजिनीबाईंना खरं वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि इराला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"बाबा पोचला," सरोजिनीबाई म्हणाल्या. "काढ केर."

इरा काही वेळ नुसती हुंदके देत राहिली. मग नाक ओढत म्हणाली, गुंडूची बॅटरी फ्लॅट आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड केरसुणी आहे, सरोजिनीबाईंनी सांगितलं. चपलांचा आवाज आला, दार करकरलं, आणि मग इरा थांबली.

"पण आजी, इथे अंधार झाला. लाइट्स लावले मी. यू सेड नो स्वीपिंग आफ्टर दॅट."

सरोजिनीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खरंच, सगळ्या शहरात दिवे लागले होते. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "हॉलमधल्या उजव्या घड्याळात किती वाजलेत?"

"फाइव्ह."

"मुंबईत अजून ऊन आहे. काढ."

पोरीने जन्मात केरसुणी धरलेली नव्हती. फोन तिने जमिनीवर ठेवला असावा, कारण तिचे वेडेवाकडे फटकारे जवळून ऐकू येत होते, आधी सोफ्याखाली, मग टेबलापाशी, मग दाराकडे. कोपरे राहिले असणार. फोन कानाशी धरून सरोजिनीबाई शेवटचा फटकारा ऐकू येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.